चाकातलं पाणी: चाचणी चुकली की उत्तरही चुकतं



पेटची तयारी करणाऱ्यांकडून मला सारखा एकच प्रश्न येतो: "मॅडम, संशोधन पद्धतीचा पेपर पाठ कसा करायचा?" यूजीसीच्या नियमांप्रमाणे पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. गृहीतक म्हणजे काय, चल किती प्रकारचे, नियंत्रण कशाला म्हणतात, या सगळ्याच्या व्याख्या गाईडबुकात मिळतात. पण व्याख्या पाठ असूनही माणूस कसा फसतो हे तिथे मिळत नाही. मी फसले होते. तेही माझ्या पीएचडीच्या विषयात नाही, तर घरच्या सायकलच्या चाकात. आज तेच सांगते. सोबत, पावसात सायकल चालवणाऱ्यांना चाकातलं पाणी कसं काढायचं तेही कळेल. दोन्ही कामाचं आहे.

काय झालं होतं

मी शहरातून केगावला विद्यापीठात सायकलनं जाते. सोलापूर पर्जन्यछायेत येतं हे आपण शाळेपासून ऐकतो, म्हणून बाहेरच्यांना वाटतं की इथे पावसाचा त्रास काय असणार! पण आपल्याकडे पाऊस जूनपेक्षा सप्टेंबरमध्ये जास्त पडतो, आणि पडतो तेव्हा तासाभरात रस्त्याची नदी करतो. १४ ऑक्टोबर २०२० आठवत असेल. बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा आंध्र, तेलंगण ओलांडून आपल्यावर आला, आणि पुढे पंढरपुरात भीमेला पूर आला. तेवढा पाऊस दरवर्षी नसतो. पण जुन्या पुणे नाक्याच्या पुढे गुडघाभर पाण्यातून सायकल काढायची वेळ दरवर्षी एकदा तरी येतेच.

अशाच एका संध्याकाळी पाण्यातून सायकल काढून घरी आले. दुसऱ्या दिवशी सायकल बोळातून ढकलत नेताना मागच्या चाकातून आवाज आला, खळखळ, खळखळ. कळशीत तळाला राहिलेलं पाणी हलवल्यावर येतो तसा. पण सायकलवर बसून निघाले की आवाज गायब.

आता इथे थांबा आणि स्वतःला विचारा: तुम्ही काय केलं असतं?

मी काय केलं ते सांगते. सायकल डबल स्टँडवर लावली, पेडल हातानं जोरात फिरवलं आणि कान लावला. काहीच आवाज नाही. पुन्हा फिरवलं. नाही. मग मी निष्कर्ष काढला: चाक नुसतं फिरवलं की आवाज येत नाही, जमिनीवर वजन पडलं की येतो, म्हणजे दोष बेअरिंगमध्ये आहे. पाण्यात हब बुडालं होतंच. सगळं जुळत होतं.

दुकानात जाऊन चाचांना सांगितलं, "बेअरिंग बदला." ते म्हणाले, "बेटी, बघू तरी दे आधी." मी म्हटलं, "चाचा, मी चेक केलंय." त्यांनी बदलून दिलं. छर्रे नवे, कोन नवा, ग्रीस नवं. फेलोशिप नसलेल्या विद्यार्थ्याला हे पैसे जाणवतात. घरी येताना बोळात पुन्हा तोच आवाज, खळखळ.

परत गेले तेव्हा चाचा हसले नाहीत. चाक सोडवलं, कानाजवळ धरलं आणि अगदी सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं. आवाज आला. "हे बघ, रिममध्ये पाणी आहे. जोरात फिरवलं की बोलत नाही ते."

मला आधी चाकाचं कौतुक वाटलं, मग स्वतःची लाज. कारण माझी चाचणीच तो आवाज घालवत होती.

आधी चाकाची रचना समजून घ्या

जुन्या काळची काळी सायकल आठवा. गिरणीच्या भोंग्यावर कामगार जिच्यावरून जायचे ती. तिची रिम जाड पोलादी पत्र्याची, एकेरी. पाणी पडलं तर टायर काढल्यावर ते समोर दिसायचं, आणि गंजायचं तेही दिसायचं.

हल्लीच्या बऱ्याच सायकलींची रिम ॲल्युमिनियमची आणि दुहेरी भिंतीची असते. तिचा आडवा छेद घेतला तर आत एक पोकळ बोगदा दिसेल. या बोगद्याला दोन महत्त्वाच्या भिंती आहेत:

१. आतली भिंत, म्हणजे हबकडे तोंड असलेली. हिला भोकं असतात. त्यातून निप्पल बाहेर येतात आणि स्पोक, म्हणजे आरे, त्यात आटे पाडून बसवलेले असतात.

२. बाहेरची भिंत, म्हणजे टायरकडे तोंड असलेली. हिलाही भोकं असतात, निप्पल आत घालण्यासाठी ठेवलेली, जरा मोठी. त्यांच्यावर रिमपट्टी असते, पट्टीवर ट्यूब, ट्यूबवर टायर.

व्हॉल्व्हचं भोक दोन्ही भिंतींतून आरपार जातं.

या बोगद्यात किती पाणी मावेल? आपण ढोबळ हिशोब करू. बोगद्याची त्रिज्या ३० सेंमी धरली तर त्याची गोलाई साधारण १८८ सेंमी. छेद १५ मिमी रुंद आणि १० मिमी खोल धरला तर क्षेत्रफळ दीड चौरस सेंमी. गुणाकार केला की साधारण २८० मिली. म्हणजे पूर्ण भरलं तर पाव लिटरपेक्षा थोडं जास्त. प्रत्यक्षात इतकं क्वचितच भरतं, पण अर्धी वाटी सहज जाऊ शकतं.

(हा हिशोब मुद्दाम दाखवला. प्रयोग करण्याआधी उत्तर किती मोठं असू शकतं याचा अंदाज घ्यायची सवय लावा. उद्या कोणी चाकातून एक लिटर पाणी निघालं म्हटलं, तर तुम्हाला मोजण्याआधीच कळेल की काहीतरी गडबड आहे.)

पाणी आत येतं कुठून?

माझ्या मनात तीन गृहीतकं होती.

पहिलं: पाण्यात चाक बुडालं की निप्पलच्या आणि व्हॉल्व्हच्या भोकांमधून ते थेट आत जातं.

दुसरं: न बुडताही जातं. स्पोकवर उडालेलं पाणी चाक फिरताना स्पोकच्या लांबीनं बाहेर फेकलं जातं, थेट निप्पलच्या बुडाशी पोचतं, आणि निप्पल व रिममधल्या बारीक फटीतून आत शिरतं.

तिसरं: तापलेली रिम गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि पाणी शोषून घेते. हे मला सगळ्यात आवडलेलं गृहीतक, कारण त्यात जरा विज्ञान दिसत होतं! हिशोबही केला. रिम ४५ अंशांवरून २५ अंशांवर आली तर आतली हवा साधारण ६ टक्क्यांनी आकसेल, म्हणजे २८० मिलीपैकी १७-१८ मिली. वाईट नाही.

पण आवडलेलं गृहीतक हे सगळ्यात धोक्याचं असतं. म्हणून आधी त्यालाच पाडायचा प्रयत्न करायचा. चाक रात्रभर घरात ठेवलं, मोठ्या घमेल्यातलं पाणीही तिथेच ठेवलं, म्हणजे दोघांचं तापमान सारखं. मग चाकाचा खालचा भाग त्या पाण्यात बुडवून ठेवला. बाहेर काढून पुसलं, सावकाश फिरवलं. आवाज आला. म्हणजे तापमानात फरक नसतानाही पाणी आत गेलं. शिवाय नीट विचार केल्यावर लक्षात आलं की चाकाला वरच्या बाजूलाही डझनभर भोकं आहेत. आतली हवा आकसली तरी जड पाणी ओढण्यापेक्षा वरच्या भोकांतून हवाच आत येणार.

लक्षात घ्या, मी तिसरं गृहीतक "खोटं" ठरवलं नाही. त्याची गरज नाही एवढंच दाखवलं. सिनॉप्सिसमध्ये या दोन वाक्यांतला फरक समजला नाही तर व्हायवाला अडचण होते.

पहिलं आणि दुसरं वेगळं करायचं असेल तर? एका वेळी एकच गोष्ट बदला. चाक कोरडं करून, रिमपट्टी आणि ट्यूब बसवून डिजिटल काट्यावर वजन करा. मग न बुडवता, फक्त झारीनं स्पोकवर पाणी सोडत चाक फिरवा. बाहेरून आणि टायरवरून पूर्ण पुसून पुन्हा वजन करा. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हचं बूड इन्सुलेशन टेपनं बंद करून तेच करा. वजनातला फरक म्हणजे आत गेलेलं पाणी. एक मिली पाण्याचं वजन एक ग्रॅम, त्यामुळे हिशोब सरळ आहे. पण टायरच्या रबराच्या खाचांत राहिलेलं पाणीही काटा दाखवणार. म्हणून टायर दोन्ही वेळेला सारखाच कोरडा असला पाहिजे. याला म्हणतात नियंत्रण. व्याख्या अर्ध्या मिनिटात पाठ होते. टायर पुसत बसलं की ती कळते.

आवाज कधी येतो, कधी नाही?

आता त्या फसलेल्या चाचणीकडे येऊ.

चाक सावकाश फिरतं तेव्हा गुरुत्वाकर्षणामुळे पाणी तळाला राहतं. रिम पुढे सरकते, पाणी मागे ओघळतं, आतल्या निप्पलच्या टोकांवर आपटतं, आणि खळखळ होते. चाक जोरात फिरलं की पाणी बाहेरच्या भिंतीवर दाबलं जातं आणि रिमबरोबरच गोल फिरू लागतं. पाण्याची बादली हात ताठ करून गोल फिरवली की पाणी सांडत नाही, तसंच. पाणी रिमच्या सापेक्ष हलतच नाही, तर आवाज कुठून येणार?

हा बदल कोणत्या वेगाला होतो? चाकाच्या वरच्या टोकाला पाणी खाली पडू नये यासाठी अपकेंद्री त्वरण गुरुत्व त्वरणाइतकं तरी हवं. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या बरोबर ९.८. त्रिज्या ०.३ मीटर घातली की कोनीय वेग साधारण ५.७ रेडियन प्रति सेकंद येतो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक फेरी, मिनिटाला ५५. टायरसकट चाकाची त्रिज्या ३४ सेंमी धरली तर हा सायकलचा ताशी ७ किलोमीटर वेग झाला. प्रत्यक्षात पाण्याला चाकाचा वेग पकडायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे हा आकडा ढोबळ समजा.

आता बघा. माणूस चालतो ताशी ४-५ किलोमीटरनं. सायकल ढकलताना चाक या मर्यादेच्या खाली, म्हणून आवाज. सायकल चालवताना मर्यादेच्या बरंच वर, म्हणून शांत. ताशी २० किलोमीटरला तर पाण्यावरचा हा जोर गुरुत्वाकर्षणाच्या आठपट होतो. आणि स्टँडवर मी पेडल जोरात फिरवलं तेव्हा? चाक सेकंदाला एका फेरीपेक्षा नक्कीच जास्त फिरत होतं. म्हणून शांत.

मी समजत होते की मी "वजन आहे" आणि "वजन नाही" या दोन स्थितींची तुलना करतेय. खरं तर ढकलताना चाक सावकाश होतं आणि स्टँडवर जोरात. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, वजन आणि वेग. माझं लक्ष फक्त एकीकडे होतं. पुस्तकात याला गोंधळ घालणारा चल म्हणतात. परीक्षेत मी याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं, हे सांगायला आता संकोच वाटतो.

स्टँडवर चाक एकदा सावकाश फिरवलं असतं तर बेअरिंगचे पैसे वाचले असते. बस, एवढंच.

खरा प्रश्न: ते बाहेर का येत नाही?

इथपर्यंत मी एकच विचारत होते, पाणी आत कसं येतं. चाचांनी वेगळं विचारलं: "एवढी भोकं आहेत, मग बाहेर का येत नाही?"

मी म्हटलं, भोकं बारीक असतील. पण बारीक भोकातून आत येतं तर बाहेरही यायला हवं ना!

उत्तर रचनेत आहे. चाक उभं असताना पाणी कुठे जमा होतं? सगळ्यात खाली. आणि सगळ्यात खालच्या जागी टायरकडची भिंत ही जमीन असते, तर हबकडची भिंत छत. निप्पलची उघडी भोकं सगळी हबकडच्या भिंतीत, म्हणजे छतात! टायरकडच्या भिंतीतली भोकं रिमपट्टी आणि ट्यूबनं दाबून बंद. चाक कितीही फिरवा, पाणी खालीच राहतं, आणि जिथे पाणी आहे तिथे उघडं भोक नेहमी डोक्यावर.

बरं, मग चाक पळवलं तर? तेव्हा पाणी बाहेर, म्हणजे टायरकडे फेकलं जातं. पुन्हा उघड्या भोकांपासून दूर. चाक आडवं ठेवलं तर? पाणी कडेच्या भिंतीवर पसरतं, आणि निप्पलची भोकं मधोमध असल्यानं थोडं पाणी तिथवर पोचत नाही.

म्हणजे आत येताना जो जोर पाण्याला स्पोकवरून रिमकडे ढकलतो, तोच जोर त्याला आतून बाहेर पडू देत नाही. उभ्या चाकात गुरुत्वाकर्षण तेच काम करतं. यायला रस्ता आहे, जायला नाही. हळू चालताना दोन-चार थेंब उडून बाहेर येतील, बाकीचं वाफ होऊन जायची वाट बघत बसतं. पावसाळी हवेत त्याला बरेच दिवस लागतात, तोवर दुसरा पाऊस येतो.

यातून एक व्यवहारी गोष्ट आपोआप निघते. बरेच जण सुचवतात की हबकडच्या बाजूनं ड्रिलनं एक भोक पाडा, पाणी निघून जाईल. काही रिमला कंपनीच तसं बारीक भोक ठेवते. त्यातून हवा खेळते, वाफ जाते, हे खरं. पण तिथे आधीच तीस-छत्तीस निप्पलची भोकं आहेत, आणि ती उपयोगी पडली नाहीत. आणखी एक भोक छतातच असणार. वर रिम कमजोर होते ते वेगळं, आणि कार्बनच्या रिमला तर ड्रिल लावूच नका.

हे आधी कोणी अभ्यासलंय का?

नवीन संशोधक म्हणतात, "माझ्या विषयावर साहित्यच नाही." मीही सायकल, रिम, पाणी असे शब्द घालून शोधत होते आणि फार हाती लागत नव्हतं. मग प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडला: फिरत्या पोकळ नळकांड्यात थोडा द्रव असेल तर तो कसा वागतो?

आता दार उघडलं. कागद कारखान्यात ओला कागद वाफेनं तापवलेल्या मोठ्या सिलिंडरांवरून वाळत जातो. आतली वाफ उष्णता देऊन गार होते आणि तिचं पाणी होतं. सिलिंडर सावकाश फिरला की हे पाणी तळाला डबक्यासारखं राहतं, वेग वाढला की वर चढून कोसळतं, आणखी वाढला की आतून सगळीकडे एकसारखं कडं धरतं. आपल्या चाकाची तंतोतंत हीच गोष्ट! तिथे हे कडं उष्णता अडवतं, म्हणून ते काढावंच लागतं. आणि ते आपोआप निघत नाही, म्हणून सिलिंडरच्या आतल्या भिंतीजवळपर्यंत नळी नेऊन, वाफेच्या दाबानं पाणी त्या नळीतून बाहेर काढतात.

यासाठी कागद कारखान्यापर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या गावात चादरी आणि टॉवेल विणतात. विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात, त्याला साइझिंग म्हणतात, आणि ते ओलं सूत वाफेच्या सिलिंडरांवर वाळवतात. तिथेही आत पाणी साठतं आणि काढावं लागतं. म्हणजे माझ्या सायकलच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ साइझिंगच्या शेडमध्ये होता आणि मी त्याला सायकलच्या दुकानात शोधत होते.

साहित्य आढावा करताना हे लक्षात ठेवा. वस्तूचं नाव घालून शोधू नका, तिच्यात काय घडतंय ते घालून शोधा.

तर पाणी काढायचं कसं?

रचना कळली की कृती सोपी आहे. पाणी टायरच्या बाजूनंच काढायचं.

१. आधी खात्री करा. चाक उचलून अगदी सावकाश फिरवा. खळखळ आली आणि जोरात फिरवल्यावर थांबली, तर पाणी रिममध्ये आहे. खरखर येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर ते बेअरिंग. हबच्या तोंडाशी ग्रीस दुधाळ पांढरं दिसलं तर पाणी हबमध्ये गेलंय. त्याला खोलून नवीन ग्रीस हाच उपाय.

२. चाक काढा, हवा सोडा, टायर आणि ट्यूब उतरवा. रिमपट्टी अलगद सोडवा. कापडी चिकटपट्टी असेल तर नवी आणून ठेवा, जुनी पुन्हा नीट बसत नाही.

३. खाली परात ठेवा. व्हॉल्व्हचं भोक सगळ्यात खाली येईल असं चाक उभं धरा. आता ते भोक जमिनीत आहे, छतात नाही. पाणी पडेल. मग टायरकडचं प्रत्येक भोक तळाशी आणत, थांबत थांबत, पूर्ण एक फेरी करा.

४. चाक सावलीत, पंख्याखाली रात्रभर टांगून ठेवा. चुलीजवळ किंवा आगीजवळ नको.

५. वाळल्यावर निप्पल बघा. पांढरी भुकटी, हिरवट थर, तांबूस गंज यापैकी काही आहे का? स्पोकच्या चावीनं पाव फेरा हलतो का? अडकलं तर जोर करू नका, दुकानात न्या. हलत असतील तर प्रत्येकाच्या बुडाशी तेलाचा एकच थेंब सोडा. रिमला ब्रेक रबर लागत असेल तर ती बाजू लगेच स्वच्छ पुसा, नाहीतर ब्रेक लागणार नाही.

६. रिमपट्टी बसवताना व्हॉल्व्हचं भोक जुळवा आणि सगळी भोकं झाकली गेली ना ते बघा. ट्यूब, टायर, हवा. झालं.

गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा निप्पलच्या बुडाशी मारू नका. आणि चाक बुडेल एवढ्या पाण्यातून गेलात तर आवाजाची वाट न बघता चाक तपासा.

एवढं करायची खरंच गरज आहे का?

हा प्रश्नही संशोधनाचाच. अर्धी वाटी पाणी म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. सायकलचं वजन पंधरा किलोच्या आसपास. घेरावरचं वजन वेग घेताना दुप्पट जाणवतं असं म्हणतात. तो हिशोब बरोबर आहे, पण साठाचे एकशेवीस ग्रॅम झाले तरी पायाला काय कळणार? आणि वेगात पाणी एकसारखं पसरतं, त्यामुळे चाक डगमगतही नाही. फक्त हाच विचार केला तर पाणी राहू द्या म्हणावं लागेल.

पण परातीत पाण्याबरोबर पांढरा चुरा पडला होता. चाचांनी एक निप्पल चावीनं हलवलं आणि त्याचं डोकं तुटून आत पडलं. मग दुसऱ्याचं. माझ्या चाकाला ॲल्युमिनियमचे निप्पल होते. वेगळ्या धातूचा आरा, वेगळ्या धातूचा निप्पल, आणि मध्ये मातकट पाणी, अशा ठिकाणी ॲल्युमिनियम झिजत जातं. पितळी निप्पल जास्त टिकतात. हे एका पावसाचं काम नव्हतं, दोन-तीन पावसाळ्यांचं होतं. चाक वरून चकाचक दिसत होतं, कारण निप्पलचं डोकं आतच असतं.

चाचांनी चाक खाली ठेवलं. "बेटी, ह्याच्यावर हायवेनं जात होतीस रोज?"

हो. मागे ट्रक, बाजूला एसटी, आणि मी नव्या बेअरिंगवर निर्धास्त.

त्या दिवशी सगळे निप्पल पितळी घालून घेतले आणि चाकाचं आउट काढून घेतलं. तो खर्च मला लागला नाही. बेअरिंगचा अजून लागतो.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

शेवटी थोडं तुमच्या कामाचं.

यातलं काय सगळ्यांना लागू आहे आणि काय फक्त मला, हे वेगळं करून बघा. "दुहेरी भिंतीच्या रिममधून पाणी हबकडच्या भोकांनी सहज निघत नाही" हे रचनेवरून निघतं, म्हणून तशा सगळ्या चाकांना लागू. "पाणी राहिलं की निप्पल तुटतात" हे मी एका चाकावर पाहिलं. नमुना एक. दुसऱ्याचे निप्पल पितळी असतील, पाणी लवकर वाळत असेल. या दोन विधानांना एकाच सुरात लिहिलं की मार्गदर्शक लाल पेन काढतात, आणि बरोबर करतात.

माझ्या स्वतःच्या आराखड्यातही हेच झालं होतं. विषय भूगोल, जिल्ह्यातल्या विहिरी. पहिल्या मसुद्यात पानंच्या पानं पावसावर होती. किती पडला, कधी पडला, किती कमी. विहिरीतून पाणी जातं कुठे आणि किती, यावर दीड परिच्छेद. चाकाच्या प्रकरणानंतर तो मसुदा काढून वाचला आणि दुसऱ्या भागाला पहिल्याइतकी जागा दिली. त्यासाठी नव्यानं नोंदी घ्याव्या लागल्या, सहा महिने गेले. मला ते गेले असं वाटत नाही.

तुमच्यासाठी एक काम. तुमच्या विषयातली अशी एक चाचणी शोधा जिच्यावर तुमचा पूर्ण विश्वास आहे. मग कागदावर लिहा: ही चाचणी करताना मी एका वेळी नेमक्या किती गोष्टी बदलतेय किंवा बदलतोय? उत्तर एकपेक्षा जास्त आलं तर घाबरू नका. एकदा चाक सावकाश फिरवून बघा.